गोव्यातून काचेच्या बाटल्या पोस्टाने पाठवताना : आगळ, व्हिनेगर, खोबरेल सुखरूप पोचवण्याची रीत

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडून विचारणा सुरू होते. आगळ (मीठ घातलेला कोकमाचा रस) आहे का यंदा, माडाचं व्हिनेगर मिळेल का, घाण्याचं खोबरेल पाठवाल का. आपल्याकडची देण्यासारखी निम्मी वस्तू बाटलीत असते, आणि बाटली काचेची असते. मग कुणी जाणारं भेटलं तर त्याच्या हाती द्यायची, नाहीतर राहून जायचं. खरं तर नीट बांधलेली काचेची बाटली पेडण्याहून दिल्लीपर्यंत न तडकता जाते. त्यासाठी महाग सामान लागत नाही. थोडा वेळ लागतो आणि काम क्रमाने करावं लागतं.

सगळ्या कामामागे एकच धोरण ठेवायचं. बाटली वाटेत पडणारच आहे असं धरून ती बांधायची आणि गळणारच आहे असं धरून ती गुंडाळायची. 'काच, जपून हाताळा' असं खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं म्हणजे काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण आपलं पार्सल पोस्टाच्या थैलीत, ट्रकमध्ये, छाटणीच्या टेबलावर शेकडो पार्सलांबरोबर असतं. त्याच्यावर दुसरी खोकी येतात, ते आडवं होतं, उलटं होतं. हाताळणारा माणूस वाईट नसतो, त्याच्याकडे प्रत्येक खोकं वाचायला वेळ नसतो. म्हणून सूचना जरूर लिहा, पण ती कुणीच वाचली नाही तरी बाटली वाचली पाहिजे अशी बांधणी करा.

काय पाठवायचं, काय नाही

पहिला प्रश्न फेणीचा येतो, तेव्हा तो आधीच मिटवू. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय म्हणून मान्यता दिली. बाहेरच्या माणसाला द्यायला याहून गोव्याची वस्तू कोणती, हे अगदी खरं. तरी ती घरगुती भेट म्हणून पोस्टाने किंवा कुरियरने पाठवू नका. फेणीत सुमारे ४२ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे ती पेट घेणारी वस्तू आहे आणि पार्सल विमानाने जाण्याची शक्यता असते. शिवाय प्रत्येक राज्याचा अबकारी कायदा वेगळा. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे, महाराष्ट्रात परवान्याची अट आहे. आपण प्रेमाने पाठवलेल्या बाटलीपायी घेणाऱ्याला उत्तरं द्यावी लागू नयेत. हुर्राकालाही, म्हणजे काजूच्याच हलक्या दारूलाही, हेच लागू.

ताजा नीरो (काजूच्या बोंडांचा रस) आणि सूर (माडाची ताडी) यांचं कारण वेगळं. दोन्ही काढल्यापासून आंबायला लागतात. बंद बाटलीत वायू साठतो आणि बूच उडतं किंवा काच फुटते. कितीही जाड गुंडाळलं तरी आतून येणाऱ्या दाबाला इलाज नाही. अत्तर आणि फवाऱ्याचे डबे फेणीच्याच कारणाने बाजूला ठेवा, ते ज्वालाग्राही असतात.

बाकी आपल्या घरातलं पुष्कळ काही जातं : आगळ, अमृत कोकम, पूर्ण मुरलेलं माडाचं व्हिनेगर, खोबरेल, काजूच्या बोंडांचं सरबत, मिसकूट (कैरीचं लोणचं), चेपणीचे तोर (मिठातल्या कोवळ्या कैऱ्या), मध, रेशाद मसाला (माशात भरायचा तिखट मसाला). व्हिनेगरबद्दल मात्र विकणाऱ्याला विचारून घ्या की ते किती जुनं आहे. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, बाजारात कधी कधी पुरतं न मुरलेलं व्हिनेगरही मिळतं. बाटली उघडताना 'फस्स' आवाज आला, बुडबुडे दिसले, तर ते अजून काम करतं आहे. ते घरी आणखी काही आठवडे राहू द्या आणि मगच पाठवा.

काच हवीच का?

लोणच्याला माझ्या मते काच नकोच. जाड, अन्नासाठी बनवलेली, आत झाकण असलेली प्लास्टिकची बरणी घ्या, लोणचं चांगलं राहतं आणि अर्धी काळजी जाते. घाण्याचं तेलही चांगल्या प्लास्टिकच्या बाटलीत चालतं. काच लागते ती आगळ आणि व्हिनेगरला, कारण ते महिनोन् महिने बाटलीत राहणार असतात आणि आंबट पदार्थाला काचेसारखं भांडं नाही. भेट म्हणून देताना काचेच्या बाटलीची शोभाही असते, तेही कारण कमी नाही.

बाटली निवडताना उंच, निमुळत्या मानेची न घेता बुटकी आणि जाड बुडाची घ्या. काच दाबाला चांगली टिकते, पण ठोक्याला आणि वाकण्याला टिकत नाही. त्यात मान आणि खांदा जिथे जुळतात ती जागा सर्वांत कच्ची. बाटली उजेडासमोर धरून फिरवा. ओरखडे, टवका, बुडबुडा दिसला तर ती घरी वापरायला ठेवा. काचेचा तडा नेहमी अशाच एखाद्या बारीक ओरखड्यापासून सुरू होतो. पुन्हा पुन्हा वापरलेल्या, एकमेकींवर घासलेल्या जुन्या बाटल्या म्हणूनच प्रवासाला नकोत.

झाकणाकडे विशेष लक्ष द्या. आगळात मीठ आणि आम्ल दोन्ही असतं, व्हिनेगर तर आम्लच. पत्र्याचं साधं झाकण त्यात गंजतं आणि गळायला लागतं. प्लास्टिकचं, आत मऊ चकती असलेलं, आट्यांचं झाकण घ्या. नुसतं दाबून बसवायचं बूच पाठवणीसाठी बाद समजा.

भरताना जागा सोडा

काठोकाठ भरलेली बाटली देणाऱ्याला बरी वाटते, पण गळणाऱ्या बाटल्यांत तिचा नंबर पहिला. गरम झालं की द्रव फुगतो. १ लिटर खोबरेल २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापलं तर सुमारे २० मिलिलिटरने वाढतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तेवढं तापमान सहज होतं. पाणीदार पदार्थ त्याहून कमी फुगतात, पण फुगतात. विमानाने गेलं तर आणखी एक गोष्ट घडते. विमानातल्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांशापर्यंत उतरतो. आपण बाटली भरतो समुद्रसपाटीला, त्यामुळे आतली हवा बाहेर जोर करते आणि सैल झाकणातून द्रवाला ढकलते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत मानेखाली निदान दोन बोटं जागा ठेवा.

सरबताचा पाक गरम असताना भरायचा असेल तर बाटली आधी कोमट पाण्याने गरम करून, कोरडी करून घ्या. गार काचेत उकळतं ओतलं की काच तिथेच तडकते, आणि कधी न दिसणारी चीर राहते. ती प्रवासात उघडी पडते.

झाकण बंद करण्याची रीत

माझ्या पाहण्यात बाटल्या फुटून जेवढी पार्सलं वाया जातात त्याहून जास्त गळून जातात. फुटलेली बाटली एकच नुकसान करते. गळलेली बाटली खोकं भिजवते, भिजलेलं खोकं खचतं, मग आतल्या बाकीच्या बाटल्याही जातात आणि थैलीतल्या दुसऱ्यांच्या वस्तूही खराब होतात. तेव्हा इथे घाई नको.

बाटलीचं तोंड आणि आटे कोरड्या फडक्याने पुसा. तेल किंवा पाक आट्यांवर राहिला तर झाकण घट्ट बसल्यासारखं वाटतं आणि नंतर सरकतं. मग नळाच्या जोडाला प्लंबर लावतो ती पांढरी टेफ्लॉनची पट्टी आट्यांवर दोन-तीन वेढे गुंडाळा. वरून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे झाकण फिरवताना ती उसवत नाही. पट्टी तोंडाच्या काठाखाली ठेवा, आत लोंबू देऊ नका. झाकण घट्ट लावा. त्यावरून इलेक्ट्रिशियनची ताणली जाणारी टेप झाकण आणि मान दोन्ही धरेल अशी गुंडाळा, याही वेळी झाकण ज्या दिशेने घट्ट होतं त्याच दिशेने, ओढून. टेप आखडायचा प्रयत्न करते तेव्हा झाकण सैल न होता आवळलं जातं. साधी चिकटपट्टी यासाठी निरुपयोगी आहे, कारण ती ताणत नाही.

आता परीक्षा. बाटली वर्तमानपत्राच्या कागदावर रात्रभर उलटी उभी किंवा आडवी ठेवा. सकाळी कागदावर डाग नको. तेलासाठी ही परीक्षा सोडूच नका, कारण पाणी जिथून जात नाही तिथून तेल हळूहळू झिरपतं. डाग दिसला तर टेप वाढवू नका, झाकण बदला.

गळतीची तयारी

परीक्षेत पास झालेली बाटलीही पिशवीत जाते. एक जाड पॉलिथिनची पिशवी, तिच्यात बाटलीभोवती शोषून घेणारी वस्तू, पिशवी बांधायची, आणि तिच्यावर दुसरी पिशवी तोंड उलट बाजूला करून. द्रव पदार्थ टपालाने पाठवण्याचा जुना नियमही हेच सांगतो : घट्ट बंद भांडं आणि त्याच्या भोवती, ते फुटलं तर सगळा द्रव पिऊन टाकेल एवढी शोषक वस्तू.

ही वस्तू पदार्थ पाहून निवडायची. लहान मुलांचा डायपर साधं पाणी आणि पातळ सरबत खूप शोषतो. पण त्यातली पूड खारट द्रव फारच कमी शोषते, आणि तेल तर जवळजवळ नाहीच. आगळाला डायपर लावून निश्चिंत राहू नका, बरोबर जुनं सुती कापड घाला. तेलाला जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं फडकं, कागदाचे थर, नाहीतर सुताराकडचा कोरडा भुसा. अर्ध्या लिटरच्या बाटलीला किती फडकं पुरेल ते आधी पाहता येतं : बादलीत अर्धा लिटर पाणी घ्या आणि फडक्याने टिपून घ्या. जे उरलं तेवढं आणखी कापड हवं.

गादी : खरं काम इथे आहे

टेबलाच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे ७६ सेंटिमीटरवरून खोकं पडलं तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी साधारण १४ किलोमीटर असतो. फरशीवर काच एका क्षणात थांबते, म्हणून फुटते. गादीचं काम तिला थोडं अंतर सरकत सरकत थांबवण्याचं. यावरून दोन गोष्टी ठरतात. गादी दाबली गेली पाहिजे, म्हणजे अगदी कडक नको. आणि ती पुरती चेपून बाटली भिंतीला लागता कामा नये, म्हणजे पातळही नको. वर, खाली आणि चारही बाजूंना निदान ५ सेंटिमीटर धरा. बाटली आणि बाटली यांच्यामध्ये निदान ३. काचेला काच लागली की थोड्याशा हिसक्यानेही दोन्ही जातात, तेव्हा या ३ सेंटिमीटरमध्ये कधीच काटकसर नको.

बाटली आधी बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळा, बुडबुडे आतल्या बाजूला. निदान तीन वेढे. मग मानेभोवती वेगळी पट्टी इतकी गुंडाळा की मान आणि पोट एका जाडीचं होईल. मान मोकळी राहिली तर सगळा धक्का तिच्यावर येतो. आता तो सरळ दंडगोल नालीदार पुठ्ठ्याच्या तुकड्यात गुंडाळून चिकटपट्टीने बांधा, वर-खाली पुठ्ठ्याच्या चकत्या ठेवा. हे पुठ्ठ्याचं कवच टोकदार धक्का सगळीकडे पसरवतं, नुसत्या प्लास्टिकला ते जमत नाही.

खोक्यातली उरलेली जागा भरायला आपल्याकडे घरचं सामान पुष्कळ आहे. नारळाच्या सोडणाचा काथ्या दाबला की परत उसळतो, हा गुण वर्तमानपत्राच्या बोळ्यांत नाही. भाताचं तण, म्हणजे वाळलेला पेंढा, तेही चांगलं. पण दोन्हींचा ओलावा आपल्या हवेत लवकर जात नाही. पावसाळ्यात ते बुरशी धरतात, तणात किडेही असतात. कडक उन्हात काही दिवस वाळवून, झटकून, छोट्या पॉलिथिनच्या पिशव्यांत भरा आणि तोंड बंद करा. अशा लहान लहान उशा बाटल्यांभोवती दाबून बसवता येतात, कचरा सांडत नाही, ओल लागत नाही. मला या उशा विकतच्या कोणत्याही भरावापेक्षा बऱ्या वाटतात. वर्तमानपत्रच वापरायचं असेल तर एकेका पानाचा घट्ट बोळा करा आणि वाटतं त्यापेक्षा जास्त भरा, कारण तो एकदा चेपला की चेपलेलाच राहतो. थर्मोकोलचे सुटे मणी टाळा. लांबच्या प्रवासात गाडी सारखी हादरते आणि मण्यांतून बाटली खाली खाली उतरत तळाला जाऊन बसते.

खोकं

तीन पदरी पुठ्ठा कपड्यांना पुरतो. काचेला पाच पदरी घ्या. तो कडेने पाहिला की नालीचे दोन थर दिसतात. पसरकाराकडचं, म्हणजे किराणा दुकानातलं, बिस्किटांचं वापरलेलं खोकं बहुधा तीन पदरी आणि कोपऱ्यांत मऊ झालेलं असतं. कोपरा बोटाने दाबून पाहा. तो आत गेला तर ते खोकं नको. मोठ्या पोस्टात आणि स्टेशनरीच्या दुकानात नवी खोकी मिळतात. एवढ्या मेहनतीनंतर तिथे थोडे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

गोव्यात एक सोय मात्र जवळजवळ प्रत्येक वाड्यावर आहे. दारूच्या दुकानातून रिकामी खोकी मिळतात, आत बारा बाटल्यांचे खण असलेली. ते खण बाटल्यांना एकमेकींपासून दूर ठेवायला उत्तम. पण ते खोकं तसंच पाठवू नका. एक तर त्यावर दारूचं नाव असतं, काउंटरवर अडवतात आणि वाटेतही नको ते लक्ष वेधलं जातं. दुसरं म्हणजे ही खोकी गच्च भरून, एकावर एक रचून ट्रकने नेण्यासाठी केलेली असतात, त्यांच्या भिंतीशी गादीला जागा नसते. त्याचे खण कापून काढा, किंवा हवे तेवढे खण ठेवून ते आतलं खोकं म्हणून वापरा आणि बाहेरून ५ सेंटिमीटर गादी ठेवून मोठ्या, कोऱ्या खोक्यात बसवा.

खोक्यात खोकं ही रीत दोनपेक्षा जास्त बाटल्या असतील तेव्हा करायचीच. बाहेरच्या खोक्याच्या आत सर्वांत आधी कचऱ्याची मोठी काळी पिशवी पसरा. गादी, आतलं खोकं, वरची गादी सगळं तिच्यात बसवून पिशवीचं तोंड पिळून बांधा. आतून काही गळलं तर बाहेर येत नाही, आणि पावसाचं पाणी आत जात नाही.

आकार उगाच वाढवू नका. कुरियरवाले लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणारा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा मोठा असेल तर त्यावर पैसे घेतात. उदाहरणार्थ ७ सेंटिमीटर जाडीच्या, २६ उंचीच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. मध्ये ३, सगळीकडून ५ धरले तर खोकं २७ बाय १७ बाय ३६ लागेल. गुणाकार १६,५२४, म्हणजे हिशोबाचं वजन ३.३ किलो, जरी काट्यावर दोन-सव्वादोन किलोच भरलं तरी. हे ५ सेंटिमीटर कमी करून पैसे वाचवू नका, पण त्याहून मोठं खोकं घेऊन हवेचे पैसेही भरू नका.

आधी पाण्याची बाटली पाडून पाहा

नवीन पद्धतीने पहिल्यांदा बांधत असाल, किंवा चवथीला पाच-सहा घरी पाठवायचं असेल, तर हे कराच. तशाच बाटलीत पाणी भरून, अगदी तसंच खोकं बांधा. आधी कानाशी धरून हलवा. काही हललेलं ऐकू आलं तर भराव कमी आहे. झाकणाची पुठ्ठ्याची पानं मिटवताना थोडा जोर लावावा लागला पाहिजे.

मग पाडा. पार्सलाच्या तपासणीची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. हलक्या पार्सलासाठी तीत ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडतात : एकदा एका कोपऱ्यावर, तीनदा त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या कडांवर, आणि सहा वेळा सहा बाजूंवर. घरी फरशीवर हेच करता येतं. उघडून पाहा. बाटली शाबूत आणि कोरडी असेल, जिथे ठेवली होती तिथेच असेल, तर तुमची बांधणी प्रवासाला तयार आहे. बाटली खोक्याच्या भिंतीपर्यंत सरकलेली दिसली, तर ती फुटली नसली तरी भराव बदला.

टेप, पत्ता, काउंटर

खोक्याच्या मधल्या फटीवर एक पट्टी लावून सोडून देऊ नका. मधल्या फटीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या कडांवर एकेक, वरून पाहिलं तर आडवा 'एच' दिसेल अशी दोन इंची तपकिरी टेप लावा, वर आणि खाली दोन्हीकडे. दमट हवेत पुठ्ठ्यावर टेप नीट धरत नाही, म्हणून आधी पुठ्ठा कोरडा पुसून घ्या आणि टेप हाताने घासून बसवा. पावसाळ्यात वरून कापड शिवण्याची जुनी पद्धत अजूनही चांगली. खोकं पुठ्ठ्याचं, त्यावर प्लास्टिक, त्यावर मांजरपाट. शिवलेलं पार्सल हातातून कमी निसटतं, हाही फायदा.

पत्ता पाण्याने न पसरणाऱ्या मार्करने लिहा, त्यावर पारदर्शक टेप. पिनकोड सहाही आकडी आणि अचूक, कारण छाटणी त्यावरच होते. आपला, म्हणजे ४०३ ने सुरू होणारा, पाठवणाऱ्याच्या पत्त्यातही लिहा. दोघांचे मोबाइल क्रमांक हवेत. पत्त्याची आणखी एक चिठ्ठी खोक्याच्या आत ठेवा. बाहेरचं लेबल फाटलं तर ती कामाला येते.

पोस्टात आत काय आहे ते विचारतील, ते खरं सांगा : कोकम आगळ, घरगुती, काचेची बाटली. लपवल्याने काही सोपं होत नाही, आणि नुकसान झालं तर भरपाईचा प्रश्नच राहत नाही. किमतीची वस्तू असेल तर विमा उतरवा, आणि पावती जपा. स्पीड पोस्टच्या पावतीवर १३ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, त्यावरून पार्सल कुठपर्यंत गेलं ते मोबाइलवर कळतं.

पणजी-म्हापशाहून मुंबई-पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या बसमधूनही पुष्कळ लोक बाटल्या पाठवतात. त्यात हात कमी बदलतात आणि दुसऱ्या दिवशी मिळतं, हे खरं. पण ते बसच्या कार्यालयातून, पावती घेऊनच करा, आणि घेणारा थांब्यावर वेळेवर पोचणार असेल तरच. बांधणी मात्र तेवढीच पक्की ठेवा, कारण डिकीत वर बॅगा येतात.

वार आणि दिवसही पाहा. सोमवारी-मंगळवारी दिलेलं पार्सल रविवारी कुठल्या गोदामात उन्हात पडून राहण्याची शक्यता कमी. चवथ, दिवाळी, नाताळ यांच्या आदल्या आठवड्यात गर्दी असते आणि खोकी उंच रचली जातात. दोन-अडीच आठवडे आधी पाठवा. आगळाचं बरं असतं : कोकम एप्रिल-मेमध्ये होतं, तेव्हाच बाटल्या भरून पाऊस लागण्याआधी मार्गी लावता येतात. जून ते सप्टेंबर पुठ्ठा ओल धरतो आणि त्याची ताकद बरीच उतरते, घाटातही कधी कधी गाड्या अडकतात.

परदेशी पाठवणं हा वेगळाच विषय. तिथे कस्टमचा फॉर्म भरावा लागतो, घरगुती खाद्यपदार्थांवर अनेक देशांत निर्बंध आहेत, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसारखे देश तण घातलेलं पार्सल थेट नाकारतात. ज्या देशात पाठवायचं त्याचा नियम आधी बघा, आणि काथ्या-तण बाजूला ठेवून कागद आणि प्लास्टिकच वापरा.

घेणाऱ्याला सांगून ठेवा

पार्सल दिलं की लगेच निरोप पाठवा. मी साधारण असं लिहिते : 'मावशी, आज स्पीड पोस्टाने खोकं पाठवलंय, क्रमांक खाली आहे. आत आगळाच्या दोन आणि खोबरेलाची एक बाटली. खोकं ओलं किंवा चेपलेलं दिसलं तर घेण्याआधी फोटो काढ आणि पोस्टमनला उघडून दाखवायला सांग. उघडताना सुरी खोल घालू नकोस, प्लास्टिकची पिशवी कापली जाईल. खोबरेल थिजलेलं असेल तर घाबरू नकोस, उन्हात ठेव.' खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, त्यामुळे डिसेंबरात नाशिकला किंवा दिल्लीला ते पांढरं, घट्ट होऊनच पोचतं. माहीत नसलं तर लोक ते भेसळीचं समजून टाकून देतात. व्हिनेगरवर जाड साय आली असेल तर तीही गाळून घ्यायची असते, व्हिनेगर चांगलं असतं. झाकणावरच्या टेपचं टोक दुमडून ठेवलं तर वयस्कर माणसालाही ती सहज सोडवता येते.

काही फुटलंच तर खोकं, भराव आणि तुकडे तसेच ठेवायला सांगा. तक्रार करताना किंवा विमा मागताना बांधणी दाखवावी लागते, आणि ती टाकून दिली की हातात फक्त पावती राहते. फुटलेल्या बाटलीच्या पिशवीतला द्रव गाळूनही वापरायचा नाही. काचेचे बारीक कण गाळणीत अडकत नाहीत. त्याच खोक्यातल्या शाबूत बाटल्या बाहेरून धुऊन, पुसून घ्यायच्या आणि त्यांचं झाकण उघडण्याआधी तोंडाभोवती बोट न फिरवता ओल्या कापसाने टिपून घ्यायचं.